पागोळ्यांखालच्या कबरी

अँग्लो-सॅक्सन दफन, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीआधीच्या इंग्लंडमधलं दफन, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पूर्व इंग्लंडमधलं सटन हू येतं. मातीच्या ढिगाखाली पुरलेलं अख्खं जहाज, शिरस्त्राण, सोन्याचं बक्कल. ते सातव्या शतकाच्या सुरुवातीचं. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कबरीत वस्तू ठेवायची चाल जवळजवळ संपली, आणि तिथून १०६६ पर्यंतच्या तीन-साडेतीन शतकांना सर्वसाधारण लिखाणात दोन ओळी मिळतात. माणसं ख्रिस्ती झाली, मेलेल्याला कफनात गुंडाळून पश्चिमेला डोकं करून उताणं ठेवू लागली, बरोबर काही देईनाशी झाली. म्हणजे बघण्यासारखं काही उरलं नाही.

हे मला मुळीच पटत नाही. अँग्लो-सॅक्सन काळाच्या उत्तरार्धातली कबर साधी दिसते, पण ती घाईची किंवा बेफिकिरीची नाही. मेलेल्यासाठी घ्यायचे कष्ट तेवढेच राहिले. फक्त आता ते दगड कुठे टेकवायचा, पेटी कशी जोडायची, बाळाला कुठल्या भिंतीलगत ठेवायचं आणि महिनाभर नाव घेऊन प्रार्थना कुणी करायची, यात दिसतात. त्यासाठी कबर फार जवळून बघावी लागते.

नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या रॉन्ड्स या गावी फर्नेल्स नावाची जागा आहे. १९७७ ते १९८४ या काळात तिथे खोदकाम झालं आणि दहाव्या-अकराव्या शतकातलं एक लहानसं चर्च भोवतीच्या दफनभूमीसकट उघडं पडलं. साडेतीनशेहून जास्त कबरी. या जागेचं मोल फार मोठं आहे, आणि त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक जुन्या चर्चच्या आवारात नऊशे-हजार वर्षं दफन चालूच राहिलं. प्रत्येक नवी कबर खालच्या दोन-तीन जुन्या कबरी कापत गेली. खणणाऱ्याच्या फावड्याला जुनी हाडं लागली की तो ती बाजूला सारायचा किंवा नव्या खड्ड्यातच परत टाकायचा. त्यामुळे अशा ठिकाणी दहाव्या शतकातला माणूस सापडलाच तर अर्धा सापडतो: गुडघ्याखालचे पाय शिल्लक, वरचा भाग गायब. रॉन्ड्सचं चर्च मात्र मध्ययुगातच बंद झालं, जागेवर जमीनदाराच्या वाड्याची इमारत आली आणि खालच्या ओळी तशाच राहिल्या.

तिथल्या कितीतरी कबरींत डोक्याभोवती दगड आहेत. कधी कानाच्या दोन्ही बाजूंना एकेक, कधी कवटीखाली उशीसारखा एक चपटा दगड, कधी दोन उभ्या दगडांवर तिसरा आडवा टाकून चेहऱ्यावर धरलेलं छोटं छप्पर. दगड घडवलेले नाहीत, आसपास मिळणाऱ्या चुनखडीचे तुकडे आहेत. पण ते निवडून घेतलेले आणि नीट बसवलेले आहेत. मांस कुजायला लागलं की मानेचे स्नायू सुटतात आणि कवटी डावीकडे किंवा उजवीकडे कलंडते. कानाशी दगड असला की तसं होत नाही, चेहरा वरच राहतो. पश्चिमेला डोकं असलेला माणूस शेवटच्या दिवशी उठून बसला तर त्याचं तोंड पूर्वेला, म्हणजे ख्रिस्त येणार त्या दिशेला होईल, ही त्यामागची श्रद्धा. दगड लावणाऱ्याने खड्ड्यात उतरून, मृताच्या डोक्याशी गुडघे टेकूनच ते लावले असणार. वरून टाकून ते तसे बसत नाहीत.

दिशेबद्दल एक गैरसमज खोडून काढतो. कबरीची रेघ नेमकी पूर्व-पश्चिम क्वचितच असते. पंधरा-वीस अंशांचा फरक सर्रास दिसतो. त्या दिवशीच्या सूर्योदयाकडे बघून खड्डा आखत, म्हणून दिशेवरून मृत्यूचा महिना सांगता येतो, असा एक सिद्धांत पूर्वी बराच चालला. चर्चच्या आवारात तो टिकत नाही. तिथे कबर चर्चच्या भिंतीला समांतर असते, आणि भिंत वाकडी तर कबरीही तितक्याच वाकड्या.

पेटी होती की नुसतं कफन, हे ओळखायचं कसं? लाकूड तर बहुतेक ठिकाणी पार कुजून गेलेलं असतं. नवखा माणूस खिळे शोधतो आणि खिळे नाहीत म्हणजे पेटी नव्हती असं लिहून मोकळा होतो. ही चूक फार महागात पडते. उत्तर हाडांच्या ठेवणीत असतं. नुसत्या कफनातल्या देहाभोवती माती दाबून बसलेली असते. मांस जाईल तशी बारीक माती पोकळी भरत जाते आणि हाडं जागच्या जागी धरली जातात. खांदे आवळलेले, गुडघे आणि घोटे जवळजवळ असे सांगाडे त्यातलेच. पेटीत मात्र भोवती हवा असते. कमरेची हाडं दोन्ही बाजूंना उलगडून सपाट पडतात, गुडघ्याच्या वाट्या घरंगळतात, खालचा जबडा उघडतो, आणि पेटीत पाणी शिरलं असेल तर छोटी हाडं तरंगत भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतात. पेटीची फळी होती तिथे हाडांची एक सरळ रेघ मिळते, जणू कुणी अदृश्य कडेला टेकवून ठेवली आहेत. ही निरीक्षणं हाडं उचलण्याआधीच व्हायला हवीत. एकदा सांगाडा पिशव्यांत गेला की पेटी कायमची गेली.

खिळ्यांवर भिस्त ठेवू नये हे लिंकनशायरमधल्या बार्टन-अपॉन-हंबरने दाखवून दिलं. तिथल्या सेंट पीटर्स चर्चचा मनोरा सुमारे १००० सालचा, आणि आवारातली जमीन पाणथळ. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, हवा नाही म्हणून लाकूड कुजवणारे जीव जगत नाहीत, म्हणून अँग्लो-सॅक्सन काळातल्या शवपेट्या लाकडासकट मिळाल्या. फळ्या एकमेकींना जोडल्या होत्या लाकडी मेखांनी. लोखंड नाही. कोरड्या मातीत अशा पेटीचा मागमूसही राहिला नसता. काही कबरींत मृताशेजारी हेझल या झाडाच्या सोललेल्या काठ्या ठेवलेल्या आढळल्या. त्या कशासाठी यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. प्रवासाची काठी म्हणणारे आहेत, पुन्हा फुटणाऱ्या झाडाचं चिन्ह म्हणणारेही आहेत. मला पहिला अर्थ जवळचा वाटतो, पण त्यासाठी भांडणार नाही. महत्त्वाचं हे की ‘कबरीत काही ठेवत नव्हते’ हे विधान जिथे लाकूड टिकलं तिथे लगेच लटपटतं. बार्टनला सगळ्या काळांतले मिळून २,८०० च्या आसपास सांगाडे निघाले. अभ्यास संपल्यावर त्यांना परत त्याच चर्चमध्ये, खास तयार केलेल्या अस्थिकक्षात ठेवलं आहे.

पेटीच्या दुसऱ्या टोकाला आहेत कुलपाचे पेटारे. यॉर्क मिन्स्टर (मिन्स्टर म्हणजे जुनं, मोठं मुख्य चर्च) आणि रिपनजवळची एल्सी हिल इथे काही माणसं लोखंडी पट्ट्या, बिजागऱ्या, कडीकोयंडा आणि कुलूप असलेल्या पेटाऱ्यांत पुरलेली आढळली. हे घरात कपडे किंवा मौल्यवान चिजा ठेवायचे पेटारे असावेत, आणि मृत्यूनंतर तेच वापरले असावेत. माणूस मोजक्या थोरामोठ्यांपैकी, बहुधा मठाशी संबंधित. संतांच्या अस्थी कुलपात ठेवत, हे त्या काळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. स्वतःचा देहही तसाच जपून, बंद करून ठेवावा ही इच्छा त्यातून आली असावी. त्या काळच्या कवितांत आणि प्रवचनांत कबरीतल्या किड्यांची भीती वारंवार येते. कुलूपबंद झाकण, जाड फळी, चेहऱ्यावरचं दगडी छप्पर या सगळ्यांना मी त्या भीतीला दिलेलं उत्तर मानतो.

आता कोळसा. नवव्या ते बाराव्या शतकात विंचेस्टर, एक्सेटर, यॉर्क, वूस्टर, ग्लॉस्टर, ऑक्सफर्ड अशा मोठ्या चर्चच्या आवारांत एक वेगळी रीत दिसते. खड्डा खणायचा, तळाशी लोणारी कोळशाचा थर पसरायचा, त्यावर पेटी ठेवायची, कधी पेटीच्या बाजूंनी आणि वरूनही कोळसा भरायचा, मग माती. हे दहन नव्हे. हाडांना आगीची झळसुद्धा लागलेली नसते, कोळसा आधीच पाडून, थंड करून आणलेला असतो. एका कबरीला पोत्यांनी कोळसा लागतो, म्हणजे झाडं तोडणं, भट्टी लावणं, वाहून आणणं आलं. गरिबाचं हे काम नव्हे.

का करत? कोळसा ओल आणि दुर्गंधी शोषतो, हे एक. बड्या माणसाचा देह चर्चमध्ये दोन-तीन दिवस ठेवावा लागला तर त्याचा उपयोग उघड आहे, पण तो कबरीत पसरायची गरज त्याने सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे प्रायश्चित्त. मरणाऱ्याला राखेवर आणि जाड्याभरड्या केसाळ कापडावर झोपवण्याची रीत ख्रिस्ती जगात होती, आणि काळ्या थरावर टेकवलेली पेटी त्याच नम्रतेची खूण वाटते. तिसरं कारण खणणाऱ्यांना लगेच पटेल. काळा थर लागला की पुढच्या खणणाऱ्याला कळतं, इथे कुणीतरी आहे, थांब. मला दुसरं आणि तिसरं दोन्ही खरी वाटतात.

कोळशाचा एक धोका सांगायलाच हवा. कालमापनासाठी तो सगळ्यांत सोपा नमुना, म्हणून लोक तोच उचलतात. पण तो बहुतेकदा ओकचा असतो, आणि रेडिओकार्बन लाकूड वाढलं ती वेळ सांगतो, माणूस मेला ती नाही. तीनशे वर्षांच्या ओकच्या गाभ्यातला तुकडा घेतला तर कबर आहे त्यापेक्षा तीनशे वर्षं जास्त जुनी ठरते. शक्य असेल तिथे तारीख हाडावरूनच काढावी. कोळसाच वापरायचा झाला तर बारीक फांदीचा तुकडा शोधावा, आणि बाहेरची साल टिकली असेल तर उत्तमच.

रॉन्ड्सला परत येतो, कारण तिथली एक गोष्ट मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते. चर्चच्या भिंतींना अगदी लागून लहान लहान कबरींची दाटी आहे. जवळजवळ सगळी तान्ही बाळं, बरीचशी वर्षाच्या आतली. मोठ्यांच्या कबरी बाहेरच्या ओळींत, बाळं मात्र भिंतीशी, नेमकी वळचणीखाली. छपराला पन्हळ नसे. पाऊस पडला की पागोळ्या थेट त्या पट्ट्यावर गळत. चर्चच्या छपरावरून आलेलं पाणी पवित्र झालेलं असतं, ते बाळावर पडत राहिलं की बाप्तिस्म्याचं पुण्य त्याला मिळत राहतं, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. अशीच दाटी इंग्लंडमधल्या त्याच काळच्या इतर दफनभूमींतही दिसते.

बाप्तिस्म्याची घाई किती होती ते कायद्यांत दिसतं. वेसेक्सचा राजा इनी याने सातव्या शतकाच्या अखेरीस तीस दिवसांची मुदत घातली होती. उशीर झाला तर तीस शिलिंग दंड, आणि बाप्तिस्म्याविना मूल दगावलं तर आईबापांचं सगळं जप्त. नॉर्थंब्रियाच्या धर्मगुरूंच्या अकराव्या शतकातल्या नियमांत ही मुदत नऊ दिवसांवर आली. भिंतीलगतची बाळं बाप्तिस्मा झालेली की न झालेली, हे हाडांवरून ठरवता येत नाही. न झालेलं मूल पवित्र जमिनीत घेणं नियमात बसत नसे. म्हणून मला वाटतं, बरीचशी घाईघाईने, घरीच पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिलेली असतील, आणि तो नीट लागला की नाही ही धाकधूक आईबापांच्या मनात राहिली असेल. ज्याने जागा ठरवली त्याने प्रत्येक पावसात ती धाकधूक थोडी कमी होईल अशी जागा ठरवली.

याच पागोळ्यांचं नाव इंग्लंडच्या एका मोठ्या संताशी जोडलेलं आहे. विंचेस्टरचा बिशप स्विदन नवव्या शतकात वारला आणि ओल्ड मिन्स्टरच्या बाहेर, पश्चिम दाराजवळ पुरला गेला. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय आणि छपरावरून गळणारं पाणी आपल्यावर पडावं अशी त्याची इच्छा होती, असं बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माम्झबरी सांगतो. १५ जुलै ९७१ रोजी बिशप एथेलवोल्डने त्याच्या अस्थी आत हलवल्या. १५ जुलैला पाऊस झाला की पुढे चाळीस दिवस तो चालतो, हा इंग्लंडमधला समज त्याच्याच नावाने चालतो.

चर्चच्या आत मात्र सरसकट कुणालाही पुरायचं नाही, असा नियम होता. ऑर्लेआंचा बिशप थिओडल्फ याचे नियम या काळात इंग्रजीत भाषांतरित झाले. त्यांत म्हटलं आहे की आत फक्त धर्मगुरू किंवा खरोखर पुण्यवान माणूस पुरावा, आणि आधीपासून आत असलेल्या कबरी खोल घालून फरशी सपाट करावी, वर उंचवटा दिसू नये. देह इतके झाले असतील की हे जमतच नाही, तर वेदी तिथून हलवावी आणि जागेला दफनभूमीच म्हणावं. असा नियम लिहावा लागतो याचा अर्थ लोक आत पुरत होते, आणि पैसेवाले सगळ्यांत जास्त.

चर्चभोवतीची जमीन आखून पवित्र करणं ही गोष्टही याच काळात पक्की झाली. दहाव्या शतकातल्या बिशपांच्या विधिग्रंथांत दफनभूमी पवित्र करण्याचा विधी आहे. बिशप पाणी शिंपडत फिरतो, चारही कोपऱ्यांवर थांबून प्रार्थना करतो आणि मग मधोमध येतो. त्या आधी, आठव्या-नवव्या शतकात, कितीतरी खेडूत माणसं चर्चपासून लांब, शेतांच्या कडेला, छोट्या समूहांत पुरली जात होती आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. कोपरे ठरले तसा आत आणि बाहेर हा भेद जन्माला आला.

त्याच्या मागोमाग हिशोब आला. मृताच्या आत्म्यासाठी चर्चला द्यायच्या रकमेला साउलशॅट म्हणत, म्हणजे आत्म्याचं देणं. राजा एथेलरेडच्या १००८ च्या कायद्यात ते उघड्या कबरीपाशीच द्यावं, म्हणजे माती लोटायच्या आधी, असं सांगितलं आहे. मृत दुसरीकडे पुरला तरी देणं त्याच्या मूळच्या चर्चलाच. हा नियम वाचताना त्यामागची भांडणं ऐकू येतात. गावोगावचे जमीनदार स्वतःची छोटी चर्च बांधत होते, भोवती दफनभूमी करत होते, आणि जुन्या मोठ्या मिन्स्टरचं उत्पन्न फुटत होतं. राजा एडगर (९५९ ते ९७५) याने तोडगा काढला तो असा: जमीनदाराच्या चर्चला दफनभूमी असेल तर त्याने आपल्या दशमांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा, एक तृतीयांश तिथे द्यावा. दफनभूमी नसेल तर दशमांश पूर्ण जुन्या मिन्स्टरला, आणि आपल्या धर्मगुरूला जे द्यायचं ते उरलेल्या नऊ भागांतून. रॉन्ड्सचं छोटं चर्च अशाच कुणा जमीनदाराचं असणार.

मरण जवळ आल्यापासून माती पडेपर्यंत काय काय होई, याचं सगळ्यांत तपशीलवार वर्णन मठांच्या नियमांत आहे. सुमारे ९७० मध्ये विंचेस्टरला सगळ्या इंग्रज मठांसाठी एकच नियमावली ठरली. मठवासी वारला की देह धुवायचा, स्वच्छ अंगरखा, डोक्यावरून ओढायचा झगा, मोजे आणि जोडे घालायचे. मग घंटा आणि स्तोत्रांच्या घोषात देह चर्चमध्ये न्यायचा. पहाटे मरण आलं आणि तयारी झाली तर त्याच दिवशी, बाकीचे जेवायला बसण्याआधी दफन. नाही तर पाळीपाळीने रात्रभर अखंड स्तोत्रं, देह क्षणभरही एकटा ठेवायचा नाही. पुढे सात दिवस खास प्रार्थना, तिसाव्या दिवसापर्यंत मिस्सा (वेदीपाशी होणारी मुख्य ख्रिस्ती उपासना), आणि शेजारच्या मठांना पत्र, की आमचा अमुक गेला, तुमच्या प्रार्थनेत घ्या.

साध्या माणसाच्या घरी वातावरण वेगळं असणार. मठाधिपती एल्फ्रिक आपल्या काळच्या धर्मगुरूंना बजावतो: मयताकडे बोलावल्याशिवाय जाऊ नका, गेलात तर लोकांची जुनी अधर्मी गाणी आणि मोठमोठ्याने हसणं बंद करा, आणि देह ठेवलेला असेल तिथे खाऊ-पिऊ नका. म्हणजे लोक देहाशेजारी रात्र जागवत, गात, खात, हसत. एल्फ्रिकला त्यात जुन्या देवांचा वास आला. मला त्यात शेजारी आणि नातलग दिसतात.

एका राजाची अंत्ययात्रा तर आपण डोळ्यांनी पाहू शकतो. एडवर्ड द कन्फेसर ५ जानेवारी १०६६ रोजी वारला आणि दुसऱ्याच दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये पुरला गेला. ते चर्च आठवडाभरापूर्वी, २८ डिसेंबरला पवित्र झालं होतं. बायोच्या भरतकामात, म्हणजे अकराव्या शतकातल्या लांबलचक चित्रमय कापडी पटावर, आठजण खांद्यावरून तिरडी नेत आहेत, देह कापडात पूर्ण गुंडाळलेला आहे, आणि खाली दोन लहानखुऱ्या आकृती हातात घंटा घेऊन चालल्या आहेत. समोर चर्चच्या छपरावर एक माणूस वाऱ्याचा कोंबडा बसवतो आहे, इतकं ते नवं. त्याच पटावर राजाच्या मृत्युशय्येखाली देह कफनात गुंडाळण्याचंही दृश्य आहे. कबरीत आपल्याला नुसती हाडं मिळतात. त्यांवरचे हात पाहायचे तर इथे पाहावेत.

राजा नसलेल्यांनीही आपली सोय केली होती. गिल्ड म्हणजे वर्गणी भरणाऱ्या सभासदांचं मंडळ, आणि तीन-चार गिल्डांचे नियम आज वाचायला मिळतात. डॉर्सेटमधल्या अ‍ॅबट्सबरीचं गिल्ड राजा क्नूटच्या पदरचा सरदार ऑर्क याने उभं केलं. त्याचा नियम असा: सभासद साठ मैलांच्या आत कुठेही आजारी पडला तर पंधरा माणसं जाऊन त्याला आणतील, मेला असेल तर तीस, आणि जिवंतपणी त्याने सांगितलेल्या जागी नेऊन पोहोचवतील. शिवाय प्रत्येकाने देहापाशी आत्म्यासाठी एक पेनी द्यायची. एक्सेटरच्या गिल्डात प्रत्येकाच्या नावे सहा मिस्सा किंवा सहा वेळा पूर्ण स्तोत्रसंहिता. केंब्रिजमध्ये सभासदांनी मृताला त्याच्या इच्छेच्या जागी न्यायचं, आणि उत्तरक्रियेच्या जेवणाची अर्धी शिधासामग्री गिल्डची. आजाऱ्याला पंधरा आणि मेलेल्याला तीस, हा आकडा मला फार बोलका वाटतो. साठ मैल म्हणजे त्या रस्त्यांवर कित्येक दिवसांची वाट. देह खांद्यावरून किंवा गाडीतून आणायचा तर माणसं बदलावी लागतात, आणि मान राखायचा तर सोबत मोठी लागते.

ज्यांना हे काहीच मिळू द्यायचं नव्हतं, त्यांच्या बाबतीत कायदा तितकाच नेमका आहे. राजा एथेलस्टनने खोटी शपथ घेणाऱ्याला पवित्र दफनभूमीत जागा नाकारली. पुढे त्यात खुनी आणि व्यभिचारीही आले. देहदंड झालेल्यांना गावाच्या सीमेवर, जुन्या प्रागैतिहासिक ढिगांपाशी पुरलं जाई. हॅम्पशायरच्या स्टॉकब्रिज डाउनवर एक्केचाळीस सांगाडे निघाले, त्यांतल्या एकाजवळ एडवर्ड द कन्फेसरची सहा चांदीची नाणी होती. यॉर्कशायरच्या वॉकिंग्टन वोल्डवर धडं आणि मुंडकी वेगवेगळी आहेत, आणि बऱ्याच कवट्यांना खालचा जबडा नाही. डोकं खांबावर लटकवून ठेवलं की कुजताना जबडा आधी गळून पडतो. सटन हूच्या ढिगांभोवतीसुद्धा अशा चाळीसेक कबरी आहेत. तिथली वाळू इतकी आम्लधर्मी की हाडं विरघळली, पण वाळूत देहाचा गडद, कडक आकार तसाच राहिला: पालथा पडलेला, गुडघे मुडपलेले, हात पाठीमागे. दगड लावून चेहरा वर करून ठेवायची सगळी धडपड आठवली म्हणजे हे पालथं घालणं किती जाणूनबुजून केलेलं होतं ते कळतं.

आणि नावं. दफनभूमीतल्या हजारांत एखाद्यावरच दगड असे. लिंकनशायरमध्ये कित्येक गावांच्या चर्चमध्ये दहाव्या शतकाच्या कोरीव शिळा एक-दोनच मिळतात. त्या चर्च बांधणाऱ्या जमीनदार घराण्याच्या असाव्यात. लिंकन शहरात मात्र व्यापाऱ्यांच्या वस्तीतल्या चर्चला त्यांचा ढीग आहे. यॉर्कशायरच्या ब्रॉम्प्टनला दगडी घरांसारख्या शिळा आहेत, वाकलेल्या कण्याच्या, कौलांच्या ओळी कोरलेल्या, दोन्ही टोकांना अस्वलं मिठी मारून बसलेली. लेख असलेले दगड तर विरळाच. हॅम्पशायरमधल्या व्हिटचर्चच्या गोल माथ्याच्या दगडावर लॅटिनमध्ये फ्रिथबर्गा या स्त्रीचा देह इथे शांतीत विसावला आहे असं लिहिलं आहे. विंचेस्टरच्या एका शिळेवर इंग्रजीत पाच शब्द: इथे आहे गुन्नी, सरदाराचा सोबती.

बाकीच्यांची नावं दगडावर नव्हती, ती वेदीवर होती. चर्च एक पोथी राखत, जीवनाचा ग्रंथ. तिच्यात जिवंत आणि मृत उपकारकर्त्यांची नावं लिहायची आणि पोथी मिस्साच्या वेळी वेदीवर ठेवायची. प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं नाही तरी ते तिथे हजर असे. डरहॅमच्या पोथीतली नवव्या शतकातली नावं सोनेरी आणि रुपेरी शाईने, आळीपाळीने लिहिली आहेत. पुढच्या सात शतकांत समासांत, ओळींमधल्या जागांत नावांची भर पडत गेली. विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टरची पोथी १०३१ ची. तिच्या आरंभी राजा क्नूट आणि राणी वेदीवर सोन्याचा क्रूस ठेवताना दाखवले आहेत.

ग्लॉस्टरशायरमधल्या डीअरहर्स्टला सरदार ऑडा याचा भाऊ एल्फ्रिक १०५३ मध्ये वारला. त्याचा देह पर्शोरला नेऊन पुरला. जिथे त्याचा प्राण गेला तिथे ऑडाने एक छोटं देऊळघर बांधलं आणि १२ एप्रिल १०५६ रोजी बिशप एल्ड्रेडने ते पवित्र केलं. दगडावर लेख कोरला: पवित्र त्रैक्याच्या सन्मानार्थ, आपला भाऊ एल्फ्रिक याच्या, या जागेवरून वर नेल्या गेलेल्या आत्म्यासाठी. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ऑडाही वारला. मरण्यापूर्वी त्याने मठवासाची दीक्षा घेतली होती, आणि त्यालाही पर्शोरलाच पुरलं. देऊळघर पुढे एका शेतघराच्या भिंतींत गडप झालं आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा ओळखलं गेलं. लेखाचा मूळ दगड आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे.